दुधाळ कडं

आज जिवाणू वाढवलेली प्लेट उजेडाकडे धरली. सगळीकडे त्यांचा जांभळा थर, आणि समुद्री बुरशीचा अर्क लावलेल्या चकतीभोवती पांढरट कडं. मी लगेच ओरडले, "मॅडम, जिवाणू मेले!"

त्यांनी प्लेट जरा तिरकी केली. "नीट बघ. मेले असते तर कडं स्वच्छ, आरपार दिसलं असतं. हे दुधाळ आहे. जिवंत आहेत ते, फक्त गप्प झालेत."

गप्प झालेत! दिवसभर तेच डोक्यात.

प्लेटवरचा हा जिवाणू, क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम, एकेकटा असताना जांभळा होत नाही. प्रत्येक जिवाणू एक छोटासा रेणू बाहेर सोडत राहतो. गर्दी वाढली की रेणू साठतात, आणि मगच सगळे मिळून रंग बनवायला घेतात. रोग पसरवणारे कितीतरी जिवाणू हल्ल्याची वेळ अशीच ठरवतात. बुरशीतले काही रेणू नेमका हा निरोपच अडवतात.

१९४५ साली सार्डिनियाच्या किनाऱ्यावर, सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे सापडलेल्या बुरशीतून पुढे सेफॅलोस्पोरिन आलं. ते जिवाणूंना मारणारं औषध. तेव्हापासून आपण स्वच्छ कडीच शोधत आलो.

अशी किती दुधाळ कडी 'काही उपयोग नाही' म्हणून टाकून दिली असतील?