जुन्या रेल्वेमार्गानं कोमारँकडे : आंरी व्हँसनो यांच्या बर्गंडीत

पॅरिसहून बर्गंडीतल्या दिजाँ शहराला जायचं तर गार द लियाँ स्टेशनावरून सुटणारी टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी दीड तासाहून थोड्या जास्त वेळात पोचवते. मी मुद्दाम बर्सी स्टेशनावरची टीईआर, म्हणजे सावकाश जाणारी प्रादेशिक गाडी, घेतली. ती लारोश-मिजेन, तोनेर, माँबार, ले लोम असं थांबत थांबत जाते आणि तिला जवळजवळ तीन तास लागतात. आंरी व्हँसनो या फ्रेंच लेखकाचा मुलूख बघायला निघालेल्या माणसानं हीच गाडी पकडावी, असं माझं ठाम मत आहे. कादंबरीकार म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी हा माणूस रेल्वेचा पत्रकार होता, आणि जमीन वाचण्याची त्यांची नजर डब्याच्या खिडकीत तयार झालेली आहे.

व्हँसनो यांचा जन्म २ जानेवारी १९१२ रोजी दिजाँमध्ये, रेल्वे कामगारांच्या वस्तीत झाला. वडील आणि वडिलांचे वडील दोघंही पीएलएम, म्हणजे पॅरिस-लियाँ-मार्सेय, या रेल्वे कंपनीत. आईकडचे आजोबा मात्र कोमारँ या खेड्यात घोड्यांचे साज शिवणारे कारागीर आणि पट्टीचे शिकारी. लोखंडी रूळ आणि जंगल ही दोन घरं या लेखकाला जन्मतःच मिळाली. पॅरिसमध्ये व्यापारशास्त्राचं उच्च शिक्षण, मोरोक्कोत लष्करी सेवा, मग रेल्वेत नोकरी आणि तिथूनच ‘ला व्ही द्यु राय’ या साप्ताहिकात पत्रकारिता, अशी पुढची वाट. हे साप्ताहिक १९३८ साली दुसऱ्या नावानं सुरू झालं होतं आणि ते मुख्यतः रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरांत वाचलं जाई. व्हँसनो यांनी तिथे सुमारे वीस वर्षं काढली.

या साप्ताहिकासाठी त्यांनी प्राध्यापक लोर्न्याँ नावाचं एक पात्र उभं केलं. हे गृहस्थ आगगाडीनं फ्रान्सभर हिंडतात आणि खिडकीतून दिसणारा डोंगर, खडक, शेत, घराचं छप्पर असं का आहे ते समजावून सांगतात. १९८० नंतर हे लेख पुस्तकरूपानं दोन भागांत आले. प्रवासाला निघण्याआधी त्यातला दिजाँच्या वाटेवरचा भाग मिळाला तर जरूर वाचावा. नाही मिळाला तरी ते शिकवतात ती पद्धत सोपी आहे: आधी पाणी कुठे वाहतंय ते बघायचं, मग दगड, मग त्या दगडाची घरं, आणि सगळ्यात शेवटी माणसं.

दिजाँकडे जाताना उजव्या बाजूची खिडकी घ्या. ले लोमनंतर गाडी ओझ नदीच्या खोऱ्यातून चढू लागते. इथलं माँ ओसुआ हे पठार म्हणजे आलेझिया, जिथे इसवी सनापूर्वी ५२ मध्ये गॉल लोकांचा, म्हणजे इथल्या प्राचीन रहिवाशांचा, नेता व्हेर्सँजेतोरिक्स यानं रोमन सेनापती सीझरपुढे शस्त्रं ठेवली. गॉल लोकांबद्दलचं जे प्रेम व्हँसनो यांच्या पुस्तकांत दिसतं, त्याची मुळं या टेकडीत आहेत. पुढे ब्लेझीचा बोगदा येतो. लांबी सुमारे ४,१०० मीटर, पॅरिस-दिजाँ मार्ग १८५१ साली सुरू झाला तेव्हाचा. त्याच्या डोक्यावरून पाणलोटाची रेषा जाते. बोगद्यात शिरेपर्यंतचं पाणी सेन नदीतून इंग्लिश खाडीकडे, बाहेर पडल्यावरचं ऱ्होनमधून भूमध्य समुद्राकडे. बाहेर येताच मालँ आणि व्हलारच्या बाजूला रूळ उश नदीच्या खोऱ्याच्या उत्तर उतारावर, उंच दगडी पुलांवरून धावतात आणि उजवीकडे सगळं खोरं उघडं होतं. डावीकडे बसलेल्याला नुसता कातळ दिसतो. टीजीव्हीही शेवटचा टप्पा याच जुन्या मार्गानं जाते, पण ती इतकी वेगात असते की हे दृश्य निसटतं.

दिजाँमध्ये स्टेशनाच्या शेजारीच रू दे पेरियेर आणि रांपार द ला मिझेरिकोर्द हे रस्ते आहेत. रेल्वेवाल्यांच्या बालपणावरचं त्यांचं पुस्तक १९८० साली आलं आणि पुढे या दुसऱ्या रस्त्याच्याच नावानं पुन्हा छापलं गेलं. बघण्याजोगं इथे फार नाही, चालत अर्धा तास पुरे. दिजाँचे राजवाडे आणि मोहरीची दुकानं यांवर इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे.

खरा प्रवास कालव्यावरून सुरू होतो. बुर्गोन्य, म्हणजे बर्गंडीचा, कालवा २४२ किलोमीटर लांब आहे, १८३२ साली पूर्ण झाला आणि त्यावर १८९ जलपाश, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा चढवणारे-उतरवणारे दरवाजे, आहेत. त्याच्या काठची, पूर्वी नाव ओढणाऱ्या घोड्यांची वाट आता सायकलींसाठी आहे. दिजाँच्या बंदरातून निघून पाँ दूशपर्यंत चढ जाणवतसुद्धा नाही. वाट चुकायची भीती वाटत असेल तर जलपाशांचे आकडे बघा. सोन नदीच्या बाजूच्या ७६ जलपाशांच्या आकड्यापुढे ‘एस’ असतं, आणि दिजाँहून वर जाताना आकडे कमी होत जातात. आकडा वाढायला लागला तर तोंड उलटीकडे आहे. पाणी आणि खाणं सोबत ठेवायला हवं, कारण खेड्यांतली दुकानं दुपारी बारा ते दोनच्या सुमारास बंद असतात आणि सोमवारी बरीचशी उघडतच नाहीत.

पाँ दूशला कालवा एका छोट्या पुलावरून उश नदी ओलांडतो आणि वायव्येला वळतो. डोक्यावरून ए-६ महामार्ग जातो. इथे थांबावं, कारण फ्रान्समधल्या अगदी सुरुवातीच्या रेल्वेमार्गांपैकी एक इथे येऊन संपत असे. एपिनाकच्या खाणींतला कोळसा १८३०च्या दशकात रुळांवरून, घोडे आणि उताराच्या जोरावर, इथवर आणून नावांत भरत. व्हँसनो यांनी एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेच्या दैनंदिन जीवनावर १९७५ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातली बांधकामाची प्रकरणं अशा जागी उभं राहून वाचली की रूळ टाकणाऱ्यांचा घाम कळतो.

पुढे व्हाँदनेसपाशी शातोनफचा किल्ला टेकडीवर दिसतो. कालव्यापासून चढ सुमारे शंभर मीटरांचा आहे, पण तो दोनेक किलोमीटरमध्येच असल्यानं सायकल हातात धरूनच जावं. किल्ला पंधराव्या शतकात फिलिप पोच्या हाती आला. काळी झूल डोक्यावरून घेतलेल्या आठ शोकमग्न पुतळ्यांनी खांद्यावर घेतलेली त्याची प्रसिद्ध समाधी आज लुव्ह्रमध्ये आहे, इथल्या प्रार्थनागृहात तिची प्रतिकृती. तटावरून पश्चिमेला मोर्व्हाँचे डोंगर आणि खाली पाँतिएचा तलाव दिसतो. हा तलाव कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. जवळच्या पुयीच्या परिसरात सेन, ल्वार आणि ऱ्होन या तिन्ही नद्यांकडे जाणारं पाणी वेगळं होतं. व्हँसनो या भागाला पश्चिमी जगाचं छप्पर म्हणत.

कोमारँ तिथून सहाएक किलोमीटर. मोटारीनं यायचं असेल तर दिजाँहून ए-३८ घ्यावा, त्यावर टोल नाही. बसवर विसंबू नका, फेऱ्या मोजक्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून कमी. गावात खंदकाचा वाडा आहे, जो वारसाहक्कानं एकाच कुळात राहिला, कधी विकला गेला नाही. हिवाळ्यात तो बंद असतो, म्हणून तारखा आधी बघाव्यात.

पण इथे यायचं ते ‘ला बीयबोद’साठी. बेत न आखता, कुत्रा नेईल तिकडे शिकार करत जायचं, या पद्धतीचं नाव या कादंबरीला आहे. ती १९७८ साली आली तेव्हा लेखक ६६ वर्षांचे होते आणि १९५३पासून कादंबऱ्या लिहीत होते. बेर्नार पिव्होंच्या ‘आपोस्त्रॉफ’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते आले आणि सगळ्या फ्रान्सला माहीत झाले. या पुस्तकाला गेल्या जमान्याचं हळवं स्मरण म्हणून बाजूला सारणं चूक आहे. त्यात कामाचं ज्ञान आहे. साज शिवणारे आजोबा नांगरणीआधी शेतांवर जात, कारण घोड्याच्या मानेतलं कंठाळं, म्हणजे ओढण्यासाठीचा पेंढा भरलेला चामडी गळपट्टा, त्याच घोड्यावर बसवून बघावं लागतं. हिवाळ्यात जनावर उतरतं किंवा सुटतं. कंठाळं सैल असेल तर चामडं घासतं, घट्ट असेल तर श्वास कोंडतो. दोन्ही वेळा जखम होते आणि ऐन हंगामात घोडा उभा राहतो. मग पेंढा काढून पुन्हा भरायचा, ठोकून आकार द्यायचा, शिवण घालायची. हे असं सांगणारा कादंबरीकार मला भावुक वाटत नाही, तो नेमका वाटतो.

याच कादंबरीत शिकारीत वाट चुकलेल्या मुलाला जंगलात ओसाड पडलेली वस्ती सापडते. ती ला पेरी. व्हँसनो यांनी मोठेपणी कुटुंबासह तिची डागडुजी केली. २१ नोव्हेंबर १९८५ रोजी ते वारले आणि तिथेच, केल्टिक क्रुसाखाली, पुरले गेले. पत्नी आंद्रे आणि मुलगा फ्रांस्वा तिथेच आहेत. वाट जंगलातली, मातीची. पावसानंतर चिकणमाती इतकी धरते की साध्या बुटांनी जाणं शक्य होत नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो. वाटेवर शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर सरळ मागे फिरावं, आणि एरवीही भडक रंगाचं जाकीट घालावं. मोबाइलच्या भरवशावर न राहता छापील नकाशा ठेवावा.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. रेड वाइनमध्ये शिजवलेली ‘अं मरेत’ अंडी नुसती अंडी समजून मागवू नका, रश्शात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. अंड्याच्या पिठात चीज घालून भाजलेले गुजेर नावाचे फुगीर गोळे आणि एपुआसचं चीज यांत मांस नसतं, मात्र चीजमध्ये रेनेट (दूध साकळवणारा, वासराच्या जठरातला पदार्थ) चालत नसेल तर तेही सोडावं लागेल.

मोटार असेल तर शेवटी तासाभराच्या अंतरावरचं ओतँ गाठावं. १९७२च्या ‘गोगलगायींचा पोप’ या कादंबरीत जिल्बेर नावाचा खेड्यातला मूर्तिकार पॅरिसला कला शिकायला जातो, तिथे कोमेजतो आणि परततो. त्याच्यामागे ओतँच्या सँ-लाझार कॅथीड्रलचा बाराव्या शतकातला, तिथला शिल्पकार मानला जाणारा जिस्लेबेर्तुस उभा आहे. दारावरच्या अंतिम न्यायाच्या शिल्पात ख्रिस्ताच्या पायाखाली ते नाव कोरलेलं आहे. १७६६ साली हे शिल्प जुनाट म्हणून गिलाव्याखाली झाकलं आणि १८३७ साली पुन्हा उघडलं; त्या गिलाव्यामुळेच ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात वाचलं. या शिल्पकारांकडे ड्रुइडांचं, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचं, गुप्त ज्ञान आलं होतं, ही व्हँसनो यांची धारणा इतिहासकार मानत नाहीत. मीही मानत नाही. कादंबरीच्या आत मात्र ती जिवंत आहे. दूरदर्शक नेला तर खांबांवरची शिल्पंही नीट दिसतात.

फ्रेंच येत नसेल तर ‘लेझ एतुआल द कोंपोस्तेल’ ही १९८२ची कादंबरी इंग्रजीत मिळते, ‘द प्रॉफेट ऑफ कोंपोस्तेला’ नावानं. फ्रेंच येत असेल तर सुरुवात ‘ला बीयबोद’नंच करावी. बोलीतले शब्द पहिल्या पन्नास पानांत अडवतात. शब्दकोशात ते सापडत नाहीत, पण संदर्भानं उलगडतात, म्हणून तिथे न थांबता पुढे वाचत राहावं.