ड्राफ्टसाठी मी केलेली शंभर खेळाडूंची यादी

दर एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट असतो आणि त्याआधी आमच्या ऑफिसातल्या हौशी मंडळींनी आपापली शंभर खेळाडूंची यादी बनवून द्यायची, असा इथे रिवाज आहे. मी मिशिगनमध्ये राहते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करते. अमेरिकन फुटबॉल मला कळायला लागला तो इथे आल्यावर, तोही बऱ्याच उशिरा. २०२४ चा ड्राफ्ट डेट्रॉइटमध्ये, म्हणजे घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर होता, म्हणून त्या वर्षी यादी मन लावून करायचं ठरवलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजमध्ये खेळणारी मुलं व्यावसायिक संघांत जातात ती या ड्राफ्टमधून. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही, पाळी लागते. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या मोसमात जो सर्वांत खाली राहिला त्याची पाळी आधी. पाळ्यांचे आपसांत सौदे होतात. २०२४ ची पहिली पाळी शिकागोकडे होती, ती मुळात कॅरोलायनाची. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय मुलाला यात उतरता येत नाही. त्या वर्षी एकूण २५७ नावं पुकारली गेली.

यादी करायला बसले आणि पहिल्याच संध्याकाळी अडले. पहिला नंबर म्हणजे नेमकं काय? सगळ्यांत चांगला खेळाडू? सगळ्यांत आधी उचलला जाणारा? की ज्याच्यामुळे संघाचं सगळ्यांत जास्त भलं होईल तो? ही तीन वेगळी उत्तरं आहेत आणि छापून येणाऱ्या बहुतेक याद्या ती एकमेकांत मिसळून टाकतात. ऑफिसच्या स्पर्धेत गुण मिळायचे ते प्रत्यक्ष क्रमाच्या जवळ जाण्याला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी डेट्रॉइट लायन्सचा जन्मजात भक्त आहे. त्याचा सल्ला सरळ होता: खेळ बघत बसू नकोस, कोणता संघ काय करेल तेवढं ओळख. मला ते पटेना. मग फाइलमध्ये दोन रकाने केले. एक ‘माझी यादी’, दुसरी ‘त्यांची यादी’. पहिलीत मी खेळाडू जोखणार, दुसरीत संघांचं डोकं ओळखणार. पुढचे सगळे वाद या दोन रकान्यांमधल्या फरकाचेच निघाले.

बघण्याचं काम वाटतं तितकं सोपं नाही. बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असं उंचावरून घेतलेलं चित्रण संघांकडे असतं. माझ्याकडे होतं टीव्हीवरचं, आणि टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. वाइड रिसीव्हर (लांब पळून पास झेलणारा) पळायला लागला की दोन सेकंदांत चौकटीबाहेर, मग थेट चेंडू हातात आल्यावर दर्शन. मधे त्याने बचावपटूला कसं फसवलं ते दिसतच नाही. त्याला अडवणाऱ्या कॉर्नरबॅकचंही तसंच. उत्तम कॉर्नरबॅककडे क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, चेंडू टाकायलाच धजत नाही, त्यामुळे जो जितका चांगला तितका पडद्यावर कमी.

टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवणारा, मात्र टीव्हीवरही पूर्ण दिसतो, फक्त डोळ्यांना वळण लावावं लागतं. चेंडूकडे बघायचंच नाही. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू खेळात आला, की त्या एका माणसाचे पाय, पहिली दोन पावलं, मग हात. हे शिकले ते नोत्र दाम विद्यापीठाच्या जो ऑल्टवर. साडेसहा फुटांहून उंच मुलगा, वडील जॉन ऑल्ट कॅन्सस सिटी संघासाठी याच जागेवर खेळलेले. त्याचे सामने बघताना अक्षरशः काही घडत नाही. समोरचा धावून येतो, ऑल्ट मागे सरकतो, हात ठेवतो, संपलं. पुन्हा तेच. मला जांभया यायला लागल्या आणि मग लक्षात आलं की टॅकलच्या बाबतीत जांभई हीच दाद. माझ्या यादीत तो तिसरा गेला, क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स आणि रिसीव्हर मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर यांच्या मागे.

एक नियम मी कडक पाळला. एखाद्या खेळाडूचे सामने बघून माझं टिपण लिहून होईपर्यंत त्याच्याबद्दल इतरांचं काही वाचायचं नाही. एकदा वाचलं की तेच दिसायला लागतं. ‘याचे पाय जड आहेत’ असं कुठे वाचलं की नंतर हरणासारखा पळाला तरी पाय जडच वाटतात.

मिशिगनमध्ये राहण्याची अडचण अशी की इथली पोरं दर शनिवारी डोळ्यांसमोर असतात आणि गल्लीतला प्रत्येक माणूस मिशिगन विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकचा, जे. जे. मॅकार्थीचा, मामा असल्यासारखा बोलतो. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत २७ विजय आणि एक पराभव, शिवाय जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद. पण ११ नोव्हेंबर २०२३ चा पेन स्टेटविरुद्धचा सामना घ्या. पूर्ण सामन्यात त्याचे पास आठ, यार्ड ६०, आणि अधिकृत नोंदीत उत्तरार्धात एकही पास नाही. संघ नुसता धावून धावून २४-१५ जिंकला. आता या सामन्यावरून क्वार्टरबॅकला गुण द्यायचे कसे? ज्याला प्रश्नच विचारला नाही त्याची उत्तरपत्रिका तपासण्यातला प्रकार. मी त्याचे फक्त तिसऱ्या डाउनवरचे (चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्यावरचे) पास वेगळे काढून बघितले, म्हणजे जिथे टाकण्यावाचून गत्यंतर नाही असे. त्यात जोर होता, निर्णय झटपट होते, पण संख्या फार कमी. माझ्या यादीत तो विसाच्या पुढे आणि ‘त्यांच्या’ यादीत बारावा. क्वार्टरबॅक नसलेला संघ किती उतावीळ होतो, हे तोपर्यंत मला कळून चुकलं होतं.

ब्रॉक बॉवर्सवर मी सगळ्यांत जास्त संध्याकाळी घालवल्या. जॉर्जियाचा टाइट एंड, म्हणजे अडवणं आणि पास झेलणं दोन्ही करणारा. चेंडू हातात आल्यावर तो ज्या तऱ्हेने पळतो ते बघून त्याला पहिल्या पाचांबाहेर ठेवणं मला जमेना. पण टाइट एंडला एवढ्या वर सहसा कोणी घेत नाही. रिसीव्हर किंवा टॅकलच्या मानाने या जागेचा पगार कमी, म्हणून तिथला हुकमी खेळाडू पुढेमागे स्वस्तातही मिळतो, असं गणित. शिवाय २०२१ मध्ये काइल पिट्स चौथ्या पाळीला गेला होता, कोणत्याही टाइट एंडपेक्षा वर, आणि पहिल्या मोसमानंतर ओसरला. ती सावली बॉवर्सवर होती. सहकारी म्हणाला, दहाच्या आत ठेवलास तर तुझे गुण गेले. ‘माझ्या’ यादीत बॉवर्स पाचवा राहिला, दुसरीत चौदावा.

फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला कम्बाइन होतं. तिथे मुलांची उंची, वजन, हातांची लांबी मोजतात, चाळीस यार्ड पळवतात, उड्या मारायला लावतात. आमच्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, उंची, वजन, वडील काय करतात, सगळं बघतेस. मग आपल्या मीनूसाठीच एखादं स्थळ बघ की!” तिचंही चूक नाही.

त्या वर्षी टेक्सासच्या झेव्हियर वर्दीने चाळीस यार्ड ४.२१ सेकंदांत कापले. २०१७ मधला जॉन रॉसचा ४.२२ चा विक्रम मोडला आणि रातोरात सगळ्यांच्या याद्यांत तो वर सरकला. माझ्याकडे तो होता तिथेच राहिला. तो वेगवान आहे हे सामन्यांत दिसतच होतं. माझी शंका होती त्याच्या १६५ पौंडांवर, आणि घड्याळ त्याला उत्तर देत नव्हतं. कम्बाइनचे आकडे मी एवढ्यापुरतेच वापरले: डोळ्यांना दिसलं त्याच्याशी जुळतात का? जुळले तर पुढे चला, नाही जुळले तर परत सामना बघा.

हातांच्या लांबीने मात्र एका खेळाडूची जागाच बदलली. ड्यूकचा ग्रॅहम बार्टन कॉलेजात डावा टॅकल होता, चांगला होता. पण हात ३३ इंचांच्या जरा आत भरले, आणि या धंद्यात टॅकलचे हात तेवढे आखूड असले की त्याला मधल्या जागेवर नेण्याची चर्चा सुरू होते. आधी मला हा निव्वळ कर्मठपणा वाटला. मग त्याचे सामने पुन्हा पाहिले. बाहेरून क्वार्टरबॅकवर धावून येणारा लांब हातांचा बचावपटू (एज रशर) आधी त्याच्या छातीला हात लावत होता. फाइलमध्ये त्याच्यापुढे ‘सेंटर’, म्हणजे रांगेतला मधला, असं लिहिलं. टॅम्पा बेने त्याला २६ वा घेतला आणि सेंटरच केला.

काही गोष्टी मला कळणं शक्यच नव्हतं. यूसीएलएचा लायातू लातू माझ्या मते त्या वर्षीचा सर्वांत कसबी एज रशर. हातांची त्याची कारागिरी बघत राहावी अशी. पण आधी वॉशिंग्टन विद्यापीठात असताना मानेच्या दुखापतीमुळे त्याला खेळ सोडायला लावला होता. दुसऱ्या तज्ज्ञाने परवानगी दिल्यावर तो यूसीएलएला गेला. संघांचे डॉक्टर त्याची मान तपासणार, अहवाल त्यांच्या कपाटात. मी खेळावर गुण दिले, नावापुढे लाल खूण केली आणि पुढे गेले. घरी बसून मानेच्या मणक्यांवर मत देणारे बरेच भेटले, त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटतं.

टोलेडोच्या क्विन्यॉन मिचेलचं प्रकरण माझ्या जिव्हाळ्याचं. टोलेडो डेट्रॉइटपासून तासाभरावर, पण लहान परिषदेतलं, म्हणजे दुय्यम गटातलं, विद्यापीठ, त्यामुळे त्याच्यासमोर खेळलेले रिसीव्हर अलाबामाच्या तोडीचे नव्हेत. २०२२ मध्ये एकाच सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्यांचे चार पास पकडले, त्यातल्या दोनांवर थेट टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार. लोक म्हणायचे, समोर होतं कोण? जानेवारीअखेर अलाबामातल्या मोबील शहरात सीनियर बोल या कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंच्या सामन्याचा सराव होतो, तिथे मोठ्या विद्यापीठांचे रिसीव्हर समोर आले आणि तरी तो चिकटूनच राहिला. कॉर्नरबॅकांत मी त्याला पहिला ठेवला, अलाबामाच्या टेरियन आर्नल्डच्या वर. आयोवाचा कूपर डिजीन त्यांच्या खाली, पण फार खाली नाही. पाय मोडल्यामुळे तो कम्बाइनमध्ये पळू शकला नव्हता आणि तो कॉर्नरबॅक की सेफ्टी (सगळ्यांत मागचा बचावपटू) यावर कुणाचं एकमत नव्हतं.

मार्चअखेर फाइल भरली आणि खरी गोष्ट तेव्हा उघडी पडली. पहिली पाच नावं मी झोपेतही सांगू शकले असते. पण १८ वा आणि ३१ वा यांत मला काय फरक दिसतो, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. सकाळी एक क्रम बरोबर वाटायचा, रात्री दुसरा. म्हणून आकडे पुसले आणि रेघा ओढल्या. रेघेच्या वरचे सगळे एका मोलाचे, आपसांत उलटापालट केली तरी चालेल. संघांतही असंच असतं म्हणतात. पहिल्या फेरीच्या ३२ पाळ्या असल्या तरी पहिल्या फेरीच्या लायकीचे म्हणून त्यांच्या नोंदीत वीसेकच असतात. ऑफिसला अर्थातच १ ते १०० असेच आकडे हवे होते. मग एका गटातल्यांचा क्रम मी जागेच्या महत्त्वावरून लावून टाकला: आधी टॅकल, एज रशर, कॉर्नरबॅक, रिसीव्हर, शेवटी चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक. रनिंग बॅक पहिल्या फेरीत एकही गेला नाही, पहिला ४६ वा.

२५ एप्रिलच्या संध्याकाळी आम्ही काहीजण डेट्रॉइटच्या मध्यवस्तीत गेलो. तीन दिवसांत मिळून साडेसात लाखांहून जास्त माणसं आली त्यातलीच आम्ही. व्यासपीठ दिसत नव्हतं, पडदा दिसत होता. विल्यम्स, डॅनियल्स, मे, हॅरिसन, ऑल्ट. सगळं सुरळीत चाललं होतं आणि आठव्या पाळीला अटलांटाने मायकेल पेनिक्स या क्वार्टरबॅकचं नाव दिलं. महिन्यापूर्वीच त्यांनी कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा १८ कोटी डॉलर्सचा करार केला होता! आजूबाजूच्या अनोळखी माणसांनी एकमेकांकडे वळून बघितलं. पहिल्या बारा पाळ्यांत सहा क्वार्टरबॅक, पहिल्या चौदांत एकही बचावपटू नाही. असं आधी कधी झालं नव्हतं. लातूचं नाव आलं पंधरावं. डॉक्टरांनी मान मान्य केली म्हणायची. बॉवर्स तेरावा. मिचेल २२ वा, आणि दोन पाळ्यांनंतर लायन्सने सौदा करून, वर सरकून आर्नल्डला घेतला तेव्हा सहकाऱ्याने मला उचलायचंच बाकी ठेवलं.

ऑफिसच्या गुणांत मी मधेच कुठेतरी आले. ‘माझी यादी’ला गुण देणारं तिथे कुणी नव्हतं, ते मोसमाने दिले. बॉवर्सने पहिल्याच वर्षी ११२ झेल घेतले, कुठल्याही जागेवरच्या नवख्याहून जास्त. मिचेल आणि ४० वा गेलेला डिजीन दोघेही फिलाडेल्फियात. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, डिजीनने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स याचा पास पकडून टचडाउन केला. मॅकार्थी मात्र गुडघ्याच्या दुखापतीने पूर्ण मोसम बाहेर, त्याची माझ्याकडची जागा त्या वर्षी कोरीच राहिली.

२०२५ ला फाइल पुन्हा उघडली तर त्यात कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर. रिसीव्हरही तोच, कॉर्नरबॅकही तोच, एकाच सामन्यात दोन्हीकडे. मी त्याला दोन ओळी दिल्या. रिसीव्हर म्हणून वरच्या गटात, कॉर्नरबॅक म्हणून त्याच्या खालच्या. सहकाऱ्याने यादी परत पाठवली आणि ऑफिसच्या नियमांत एक कलम वाढवलं: एका माणसाचं नाव एकदाच.