लोकलचा आलेख

भाचीची नववीची परीक्षा जवळ आलीय आणि वेग-काल आलेखापाशी तिचं घोडं अडलं होतं. पुस्तकातल्या गाड्या कुठेच जात नाहीत, म्हणून तिला दादरहून ठाण्याच्या स्लो लोकलमध्ये बसवलं. मोबाइलवर जीपीएसचा वेगमापक, मांडीवर आलेख कागद. (वेळ अर्थातच दुपारची. संध्याकाळी मांडीसुद्धा आपली राहत नाही.)

गाडी सुटली आणि साधारण 30 सेकंदांत ताशी 54 किलोमीटरला पोचली, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. रेषेचा चढ 15 भागिले 30, म्हणजे 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग. हेच त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते. मग रेघ आडवी झाली.

“मामा, आता सगळ्यात जोरात पळतेय, म्हणजे त्वरण सगळ्यात जास्त ना?”

नाही गं. रेघ किती उंच, तो वेग. किती तिरकी, ते त्वरण. आडव्या रेघेला चढच नाही, त्वरण शून्य. गाडी सुटताना वेग जेमतेम असतो, पण त्वरण तेव्हाच असतं.

पुढचं स्टेशन येताना 20 सेकंदांत 15 वरून 0. म्हणजे उणे 0.75, उतार चढापेक्षा तीव्र. गंमत पुढे आहे. गाडी थांबते त्याच क्षणी दारातली माणसं मागे झुकतात. ब्रेक लागलेला असताना तोल सावरायला सगळे मागे रेललेले असतात, आणि उणे 0.75 एका झटक्यात शून्य होतं. आलेखात तिथे टोकदार कोपरा येतो. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे मी कुर्ल्यानंतर सांगायला घेतलं, पण बाईसाहेब कोपरेच शोधत होत्या.