अजगर घेऊन नागपूरला

साप पकडला की गर्दी टाळ्या वाजवते, मोबाईल निघतात. पुढे तो कसा नेला, हे कोणी विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं, कारण सुरुवातीच्या वर्षांत एक धामण माझ्याच हातून मेली. युरियाच्या रिकाम्या गोणीत घातली, गोणी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवली आणि भर उन्हात जंगल गाठलं. तोंड सोडलं तेव्हा ती हलली नाही. खालून टाकीचा चटका, वरून ऊन आणि आत हवा नाही. सापाला अंगातली उष्णता स्वतःहून कमी करता येत नाही, सावलीत सरकायचं एवढंच त्याच्या हाती असतं. तेही मी काढून घेतलं होतं.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीला भाड्याची गाडी चालवतो. आजारी माणसं, बाळंतिणी चंद्रपूर-नागपूरला पोचवणं हे रोजचं काम, आणि वन विभागाचा फोन आला की साप पकडायला जातो. एका मे महिन्यात मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, मासे धरायच्या नायलॉनच्या जाळ्यात अजगर अडकला होता. सात फुटांचा. सुटायच्या धडपडीत जाळं मानेखाली कातडीत रुतलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं, रुतलेलं ओढू नका, भोवतीचं कापा, बाकी इथे बघू. इथे म्हणजे नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, जिथे जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात, अडीचशे किलोमीटरच्या पुढे.

माझ्या मनात पहाटे चारला निघायचं होतं. पण अजगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाचा. वन विभागाच्या पत्राशिवाय गाडीत घेता येत नाही, आणि पत्र हातात पडायला नऊ वाजले.

तयारी मात्र रात्रीच केली होती. आदल्या आठवड्यात गाडीतून फवारणीच्या औषधाचे डबे नेले होते, म्हणून गाडी आतून दोनदा धुतली आणि रात्रभर दारं उघडी टाकली. पिशवी मांजरपाटाच्या सुती कापडाची, आमच्या शिंप्याकडून शिवून घेतलेली, शिलाई बाहेरच्या अंगाला, म्हणजे आत सुटलेल्या धाग्यात दात किंवा जखम अडकत नाही. पिशवीचं तोंड पिळून गाठ मारली आणि ती झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली. डब्याला चारही बाजूंनी भोकं, तळाला जुनी चादर. अजगराच्या पोटात फुगवटा नव्हता, हे बरं झालं. भक्ष्य गिळलेला साप हलवला की तो ते ओकून टाकू शकतो, आणि अशा जखमी जनावराला ते झेपत नाही. डबा मधल्या सीटच्या पायथ्याशी दोरीनं आवळला. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नाहीत, पण हादरा त्याला जबड्यातून, अख्ख्या अंगातून कळतो. शेवटी तारेचा थर्मामीटर. तार डब्यात, आकडा माझ्यासमोर.

आष्टीपर्यंत लोहखनिजाच्या ट्रकांमागे रांगत गेलो. खड्डा दिसला की पहिला गिअर. बाळंतीण मागे असली की मी असाच चालवतो. पुढे गोंडपिपरी, कोठारी, बल्लारपूर. चंद्रपुरात डांबर तापून चकाकत होतं, तरी एसीमुळे डब्यात २९ अंश होते. एसीचा झोत मी डब्यावर येऊ दिला नव्हता.

वरोरा सोडलं आणि एसी बंद पडला. काचा उघडल्या तर भट्टीसारखी हवा आत आली. ३१. ३३. बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून डब्याला बाहेरून लावल्या. बर्फ थेट अंगाला लागू द्यायचा नाही, आणि पिशवीही भिजवायची नाही, ओल्या कापडातून हवा नीट जात नाही. आकडा ३५ झाला तेव्हा ती धामण आठवली आणि माझे हात स्टिअरिंगवर घामेजले.

खांबाड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून कवेलूचं घर दिसलं. ओसरीवर एक म्हातारी मावशी बसली होती. गाडीत काय आहे ते मी खरंखरं सांगितलं. घरातली पोरं मागे सरली. मावशी उठल्या.

"बाहेर काऊन ठेवता जी? आत आना त्याले. जीवच हाय नं तो बी."

आत मातीच्या भिंती, वाळ्याचा कुलर. डबा कुलरच्या वाऱ्याआड भिंतीला टेकवला. पाऊण तासात आकडा ३० वर आला. मावशी गडूभर पाणी घेऊन उभ्या. मी नाही म्हटलं, गाडी हलणार, पाणी सांडून पिशवी भिजेल, पोचल्यावर पाजू. त्यांना ते पटलं नाही, गडू त्यांनी बराच वेळ हातातच धरला होता.

नातवानं विचारलं, आपल्याला पाळता येतो का? नाही बाळा, आपल्याकडचा कुठलाच साप घरी ठेवता येत नाही. शहरात काहींकडे बॉल पायथन जातीचे विदेशी अजगर असतात, त्यांची सरकारी परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. असे साप गाडीनं नेणाऱ्यांनी मला विचारलं तर मी हेच सांगतो: रिकामं पोट, एका पिशवीत एकच साप, आणि उन्हात उभ्या गाडीत पाच मिनिटंही सोडून जाऊ नका.

साडेपाचला ऊन कललं तेव्हा निघालो. जांब, बुटीबोरी, आणि आठच्या सुमारास सेमिनरी हिल्स. डॉक्टरांनी पिशवी सोडली, तशी जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली. त्यांनी त्याला हलकेच उताणं केलं, तो लगेच पालथा झाला, म्हणजे अंगात जोर होता. मला तिथेच भिंतीला टेकावं लागलं. जाळं काढायला तास लागला. एकेक धागा बारीक कात्रीनं सुटत होता आणि मी शेपटी धरून होतो.

नंतर त्याला पिंजऱ्यात ठेवून पसरट भांड्यात पाणी दिलं. त्यानं तोंड टेकवलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

मावशींच्या घरचा नंबर घेतला होता. पोचलो म्हणून सांगितलं.

"पानी पेला का त्यानं?"

"पेला, मावशी."