शनिवारची उपासना

२०१९ च्या मार्चमध्ये जालन्याहून चर्चची नऊ माणसं नेपाळमधल्या एका बालगृहात निघाली, त्यात मी एकटी बीडची. गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग सोनौलीची सीमा पायी. व्हिसा लागत नाही, घड्याळ तेवढं १५ मिनिटं पुढं करायचं. मी डबाभर शेंगदाण्याची चटणी नेली होती (घरी सगळे हसले). बालगृहात डाळभातासोबत दोन दिवसांत फस्त.

आम्ही भिंती रंगवल्या. खरं सांगू? तिथल्या रंगाऱ्यानं आमच्यापेक्षा बऱ्या रंगवल्या असत्या, त्याला मजुरीही मिळाली असती.

रविवारी उपासनेसाठी आवरून बसलो, तर लेकरं दप्तरं घेऊन शाळेला निघालेली! तिथं तेव्हा सुट्टी शनिवारी असायची, चर्चही शनिवारीच.

पाट्या देवनागरीत, वाचता यायच्या, कळायच्या नाहीत. एका पोरीनं माझ्या वहीत ‘आमा’ लिहिलं. म्हणजे आई. आई आहे, गावी शेतात राबते. शिकावं म्हणून पोरीला इथं ठेवलंय. मला आमच्याकडची कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणारी घरं आठवली. दिवाळी झाली की लेकरं आजीपाशी सोडून कारखान्याला. माझी आईही जायची. हे त्या पोरीला सांगायचं होतं, पण तेवढं नेपाळी कुठं येतंय?

तिला चटणीचा रिकामा डबा हवा होता. दिला.