कोपान आणि किरिग्वा: हत्ती नव्हे, मकाव

माया संस्कृती बघायची म्हटलं की बहुतेक जण मेक्सिकोतल्या चिचेन इत्साला जातात, फार तर ग्वातेमालातल्या तिकालला. उंच पिरॅमिड बघायचे असतील तर तेच योग्य. पण ज्यांचा जीव कोरीवकामात रमतो, जे एकाच शिल्पापाशी अर्धा तास रेंगाळू शकतात, त्यांनी होंडुरासमधल्या कोपानला जावं. इथले कारागीर दगडात इतके खोल शिरले आहेत की राजाची मूर्ती शिळेवर उठवलेली न वाटता शिळेतून बाहेर यायला निघालेली वाटते. आम्ही कोपान आणि सीमेपलीकडचं, ग्वातेमालातलं किरिग्वा अशी जोडी केली. तुम्हीही तशीच करा. आठव्या शतकात या दोन नगरांचं हाडवैर झालं आणि त्याची दोन्ही बाजूंची साक्ष दगडात आहे.

आधी पोचण्याचं सांगते. ग्वातेमाला सिटी किंवा आंतिग्वाहून पर्यटकांच्या व्हॅन चिकिमुलामार्गे एल फ्लोरिदोच्या सीमेवर येतात. पाच-सहा तास धरा, रस्ता घाटाचा आहे. सान पेद्रो सुलाच्या विमानतळावर उतरलात तर तिथून बसने साधारण तीन तास. सीमेपासून कोपान रुइनास हे गाव दहा-बारा किलोमीटरवर आहे, आणि गावातून भग्नावशेषांपर्यंत पायी जाता येतं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी दोन्ही देशांच्या व्हिसाचे नियम त्यांच्या दूतावासांना ईमेल करून लेखी मागवावेत आणि ते उत्तर छापून जवळ ठेवावं. ‘अमेरिकेचा व्हिसा असला की पुरे’ अशा ऐकीव माहितीवर निघू नका, नियम बदलत असतात. गावात फिरायला मोटोटॅक्सी मिळतात. त्यातल्या बऱ्याच आपल्या बजाजच्या रिक्षा निघाल्या, इतक्या लांब ते नाव बघून फार बरं वाटलं.

सकाळी दार उघडताच आत शिरा. तिकीटघराजवळच्या झाडांवर लाल मकाव, म्हणजे मोठे पोपट, असतात. पिंजऱ्यातले नव्हेत, वाढवून मोकळे सोडलेले. मकाव हा होंडुरासचा राष्ट्रीय पक्षी. बहुतेक जण फोटो काढून पुढे जातात, तुम्ही मात्र एका पक्ष्याचं तोंड नीट न्याहाळा. वरच्या चोचीचा मोठा बाक बघा, चोचीच्या मुळाशी असलेली नाकपुडी बघा, डोळ्याभोवतीची पिसं नसलेली उघडी कातडी बघा. हे डोक्यात ठेवूनच मोठ्या चौकातल्या ‘स्टेला बी’समोर उभं राहायचं.

स्टेला म्हणजे उभी कोरीव शिळा. ही ७३१ सालची. कोपानच्या तेराव्या राजाने, वाशाक्लाहून उबाह काविल याने, ७,२०० दिवसांचा एक कालखंड पुरा झाला म्हणून ती उभी केली. समोर राजा आहे, छातीशी आडवा धरलेला विधीचा दंड आहे, डोक्यावर थरावर थर चढवलेला मुकुट आहे. वरच्या दोन कोपऱ्यांत लांब वाकड्या नाकाची दोन तोंडं आहेत. टोकं तुटल्यामुळे ती पहिल्या नजरेला सोंडेसारखी दिसतात, हे खरं. १९२४ साली ग्राफ्टन एलियट स्मिथ या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने हे भारतीय हत्ती आहेत आणि त्यांच्यावर माहूत बसलेत असं ठामपणे मांडलं. माया लोकांनी ही कला स्वतःच्या बुद्धीने घडवली असेल हे त्याला पटतच नव्हतं, ती आशियातून आली असणार असं त्याचं म्हणणं होतं. शंभर वर्षं होऊन गेली, तरी ‘माया संस्कृतीत गणपती’ हे फोटो आपल्या व्हॉट्सअॅपवर फिरतातच.

आमच्या मार्गदर्शकाच्या हातात काठीला बांधलेलं एक लाल पीस होतं. दगडाला हात न लावता तो त्या पिसाच्या टोकाने एकेक गोष्ट दाखवत होता. पीस आधी त्या तोंडाच्या डोळ्याभोवती फिरलं. तिथे बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी कोरली आहे, ती उघडी कातडी. मग पीस सोंडेच्या मुळाशी आलं, तिथे नाकपुडी आहे. हत्तीची नाकपुडी तिथे कशी असेल? दारातला पक्षी आठवा, तोच हा. शिळेच्या पाठीमागे जा, तिथे सगळा दगड म्हणजे एका डोंगराचं अक्राळविक्राळ तोंड आहे. शिळेवर कोरलेल्या लेखात त्या डोंगराचं नावही आहे: मो विट्स, मकावांचा डोंगर. राजा त्या पवित्र डोंगराच्या जबड्यात उभा आहे. सगळं एकमेकांना धरून आहे.

भारतीय प्रवाशांना मला कळकळीने हेच सांगायचं आहे. इथे येऊन आपले देव शोधू नका. त्यात नुकसान माया लोकांचं होतं. धातूच्या छिन्नीशिवाय, गारगोटीच्या आणि हिरव्या कठीण दगडाच्या हत्यारांनी त्यांनी हे घडवलं, आणि आपण त्याचं श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळे होतो. या भागात चोर्ती माया आजही राहतात. मक्याची शेती करतात, आपली भाषा बोलतात.

वाचायची रीत एकदा कळली की चौकातली प्रत्येक शिळा बोलू लागते. डोक्यावर काय, हातात काय, पायाखाली काय, या क्रमाने बघा. मुकुटात बहुधा नाव किंवा देव असतो. छातीवरच्या दंडाच्या दोन्ही टोकांना सापाचे उघडे जबडे असतात आणि त्यांतून देव किंवा पूर्वज बाहेर येतात, म्हणजे राजा त्यांना बोलावून आणतोय. ‘स्टेला एच’वर (७३० साल) गुडघ्यापर्यंतचा जाळीदार घागरा आहे. त्यावरून पूर्वी ती राणी समजली जायची. तो हिरव्या जेडच्या मण्यांचा घागरा मक्याच्या देवाचा पोशाख आहे. मातीत पुरला जाऊन पुन्हा उगवणारा देव, आणि त्याचा वेश घेतलेला तोच तेरावा राजा. ‘स्टेला सी’ला दोन्ही बाजूंना मूर्ती आहेत, एक पूर्वेकडे आणि एक पश्चिमेकडे तोंड करून. तिच्यावर लाल रंगाचे अवशेषही टिकले आहेत. हे दगड तेव्हा राखाडी नव्हते, रंगवलेले होते. ती शिळा सकाळी एकदा आणि दुपारी उन्हं कलल्यावर एकदा अशी दोनदा बघा. डोक्यावर ऊन असताना सगळं सपाट दिसतं. ते मधले तास संग्रहालयाला द्या.

दगड हिरवट टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला दगड आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून एवढं खोल कोरता आलं. मध्येमध्ये त्यात भलत्याच कठीण गाठी लागतात. काही ठिकाणी कारागिराने गाठ तशीच ठेवून तिच्या आजूबाजूने काम पुढे नेलं आहे. नीट बघितलं तर सापडतात. अर्थात मऊ दगड झिजतोही लवकर, म्हणून हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.

शिल्पसंग्रहालय आवारातच आहे, १९९६ मध्ये उघडलं. त्याचं तिकीट वेगळं असतं म्हणून अनेक जण टाळतात. असं करू नका. बाहेर उन्हात ठेवलेल्या काही शिल्पांच्या जागी प्रतिकृती आहेत आणि अस्सल दगड आत आहेत. मधोमध रोसालिला या गाडल्या गेलेल्या देवळाची पूर्ण आकाराची लाल रंगाची प्रतिकृती आहे. त्याच्या मूळ भिंतींपर्यंत जाणाऱ्या बोगद्यांना आणखी एक तिकीट पडतं. आत काचेमागे थोडाच भाग दिसतो. पैशांचा हिशेब करायचा असेल तर बोगदे सोडा, संग्रहालय सोडू नका.

तिथेच ‘आल्तार क्यू’ आहे, सोळाव्या राजाने ७७६ साली करवून घेतलेला चौकोनी दगड. चार बाजूंना चार-चार असे सोळा राजे बसलेत. पूर्वी ही खगोलशास्त्रज्ञांची परिषद मानली जायची. खरं तर ही वंशावळ आहे. बहुतेक राजे आपापल्या नावाच्या चिन्हावर बसले आहेत, म्हणजे आसन हीच ओळख. ज्या बाजूला दोन राजे समोरासमोर आहेत तिथून सुरुवात करा. डावीकडचा मूळ पुरुष किनिच यश कुक मो, डोळ्यांना गोल कड्यांचं आवरण असलेला. ती मध्य मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन नगराची खूण. ४२७ साली तो इथे आला. त्याच्या समोर साडेतीनशे वर्षांनंतरचा यश पासाह चान योपाट, आणि मूळ पुरुष त्याला अधिकाराची काठी देतोय. मध्ये तारीख कोरली आहे, ७६३ सालच्या राज्यारोहणाची.

आता मूळ पुरुषाचा उजवा हात बघा. कोपरापुढे छोटी ढाल बांधली आहे. हा दगड मुळात ज्या टेकाडासमोर होता त्याच्या पोटात खोल जी कबर सापडली, आणि जी याच राजाची मानली जाते, तिच्यातल्या सांगाड्याच्या उजव्या हाताचं हाड वार अडवताना मोडून नंतर जुळलेलं होतं. साडेतीन शतकं ही आठवण जपली गेली आणि कारागिराने ती ढालीतून दाखवली, असं मला ते बघताना वाटलं. मूळ दगड जिथे होता तिथे जवळच्या खड्ड्यात पंधरा जॅग्वारची हाडं मिळाली. सोळाव्या राजाने प्रत्येक पूर्वजासाठी एक बळी दिला.

चित्रलिपीचा जिना ताडपत्रीच्या छपराखाली आहे. सुमारे २,२०० चिन्हं, माया जगातला सर्वांत लांब कोरीव लेख. पण वरच्या पायऱ्या कोसळल्या होत्या आणि १९३० च्या दशकात दगड मिळेल त्या क्रमाने बसवले गेले, त्यामुळे मजकूर सलग लागत नाही. शेजारच्या चेंडूच्या मैदानात उतारांवर पुन्हा मकावांची डोकी आहेत. हे मैदान तेराव्या राजाने ७३८ च्या जानेवारीत पुरं केलं. त्याच वर्षी मे महिन्यात किरिग्वाच्या काक तिलिव चान योपाटने, म्हणजे त्याच्याच मांडलिकाने, त्याला पकडून त्याचा शिरच्छेद केला.

लंडनला राहणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. इथल्या बाविसाव्या देवळावरचं मक्याच्या देवाचं तरुण, मिटल्या डोळ्यांचं डोकं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इकडे येण्याआधी ते बघून या. मग देवळाच्या कोपऱ्यांवरचे डोंगराचे मुखवटे बघताना तो मका कुठून उगवत होता हे लगेच उमगतं.

जेवणाचं सांगायचं तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. बालेआदा हा मैद्याच्या जाड पोळीत लाल घेवडा, चीज आणि साय घालून घडी केलेला प्रकार सगळीकडे मिळतो. घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढ्यावर न थांबता ‘सिन मान्तेका’ (चरबी नको) असंही सांगा. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ, तेव्हाच जा.

किरिग्वासाठी पुन्हा सीमा ओलांडून चिकिमुला आणि रिओ होन्दोमार्गे अटलांटिककडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागायचं. लोस आमातेसच्या जवळ फाट्यावर उतरलं की केळीच्या बागांतून मोटोटॅक्सी आत नेते. जागा सपाट आणि दमट आहे, डास भयंकर. अंगभर कपडे आणि डासांचं मलम हवंच. पण शिळा बघा! शत्रूचं डोकं उडवणाऱ्या या राजाने कोपानचीच शैली उचलली आणि उंचीत मात केली. ७७१ सालची ‘स्टेला ई’ एकूण १०.६ मीटर लांब आहे, त्यातला साधारण तीन मीटर भाग जमिनीत. इथला वालुकाश्म कठीण आहे, म्हणून चेहरा खोल कोरलेला आणि अंग मात्र उथळ. कोपान बघून आलेल्याला हा फरक चटकन जाणवतो.

माझा सर्वाधिक वेळ मात्र किरिग्वाच्या ‘स्टेला सी’पाशी गेला, ७७५ सालची. तिच्यावर माया कालगणनेचा आरंभदिवस आहे, इसवी सनपूर्व ३११४ मधला. त्या दिवशी देवांनी तीन दगड मांडले आणि जग सुरू झालं, असं लेख सांगतो. ते तीन दगड म्हणजे चूल. आपल्याकडे शेतावर मांडतात तशीच तीन धोंड्यांची. माया घरांतही अशीच चूल असते, आणि हे साम्य कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. भांडं स्थिर राहायला तीन दगड लागतात, इतकंच.

शेवटी ‘झूमॉर्फ पी’ हा ७९५ सालचा प्रचंड कोरीव धोंडा चुकवू नका. त्याच्या एका बाजूला जबड्यात राजा बसलेला आहे, आणि बाकीच्या दगडावर हातभर जागा रिकामी नाही. सगळ्या शिळांवर गवताची छपरं आहेत, त्यामुळे फोटोत सावली येते. ढगाळ सकाळ मिळाली तर उत्तम. दुपारी हमरस्त्यावर परत येऊन ग्वातेमाला सिटीकडची बस हात दाखवून थांबवता येते, पण अंधार पडण्याआधी निघा आणि जवळ सुटे केत्साल (ग्वातेमालाचं चलन) ठेवा.