काशीतली संग्रहालयं आणि सारनाथचे सिंह

आजचा दिवस संग्रहालयांचा. काशीला जाणाऱ्यांनी आधी वार बघावा: सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद, बनारस हिंदू विद्यापीठातलं (बीएचयू) भारत कला भवन रविवारी. सारनाथ शहरापासून १० किलोमीटर, पण रिक्षा गर्दीत अडकते, सकाळीच निघा.

आत गेल्यावर समोरच अशोकस्तंभाचं शीर्ष, साधारण ७ फूट उंच. लोक समोरून बघतात आणि पुढे सरकतात. तिथेच फसतात! भारताची राजमुद्रा याच शीर्षावरून घेतलेली, पण तिच्यात सिंहांच्या पायांखालच्या पट्टीवरचे बैल आणि घोडा तेवढे दिसतात. हत्ती आणि छोटा सिंह बघायला वळसा घालावा लागतो. खालचं घंटेसारखं उलटं कमळ तर राजमुद्रेत घेतलेलंच नाही. चुनारच्या वालुकाश्मावरची झिलई तिरकं उभं राहून बघा, अजून चकाकते. कला भवनातल्या लघुचित्रांसाठी वेगळा दिवस ठेवा, थकल्या डोळ्यांचं ते काम नाही.